कारण : मिशी

बस सुरू झाली नाही. जयसिंग घोरपडेंनी अंगठा पुन्हा एकदा स्टिअरिंगजवळच्या काचेवर दाबला. काच लाल झाली आणि एका बाईचा गोड आवाज आला, "नमस्कार जयसिंगजी. आपला निद्रांक आज पुरेसा नाही. कृपया विश्रांती घ्या. आपला प्रवास सुखाचा होवो."

"गाडीतनं उतरवतेस आणि वर प्रवास सुखाचा म्हणतेस व्हय गं?" जयसिंग काचेला म्हणाले.

मागे कणकवलीचे प्रवासी बसले होते. कुणीतरी ओरडलं, "काय झालं ओ, ड्रायव्हर?" जयसिंगांनी टिफिन उचलला आणि खाली उतरले. त्यांच्या जागी चढायला इनुस मुल्ला आधीच येऊन उभा होता. डेपोत दोघं एकाच वर्षी लागलेले.

"उतर भावा," इनुस म्हणाला. "तुझ्या आडनावातच घोर पडलाय. त्याला यंत्र तरी काय करणार?"

हा विनोद डेपोत जुना होता. एरवी जयसिंग सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. त्या सकाळी हसले नाहीत.

कोल्हापूरहून गगनबावड्यामार्गे करूळ घाट उतरून कोकणात जाणारी ही गाडी जयसिंग उमेदीपासून चालवत होते. सह्याद्री घाट परिवहन या कंपनीत घाटाचा परवाना असलेले चालक मोजकेच होते आणि त्यांना तेवढा मान होता. मग दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका घाटात चालकाला डुलकी लागली आणि बस कठड्यावरून खाली गेली. त्यानंतर नवा नियम आला. अवजड वाहनाच्या प्रत्येक चालकाची झोप तपासायची. ज्याला स्लीप अ‍ॅप्निया निघेल त्यानं रोज यंत्र लावून झोपायचं. यंत्र रात्रभराचा हिशेब करून शंभरपैकी एक आकडा परिवहनाच्या सर्व्हरला पाठवणार. त्या आकड्याला नाव दिलं निद्रांक. यंत्राची सवय व्हायला दिलेली मुदत संपली की निद्रांक ऐंशीच्या खाली असेल तर गाडी सुरूच होणार नाही.

नियम वाईट नव्हता. जयसिंगांची मुलगी ईश्वरी इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.एस्सी. करत होती. तिनंच घरात सगळ्यांना तो समजावून सांगितला होता. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही माणसांत ते इतके सैल पडतात की श्वासाची वाट मिटते. छाती ओढत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, घसा उघडतो, एक मोठा घोरण्याचा आवाज येतो आणि माणूस परत झोपतो. रात्रभर हेच चालतं. त्याला वाटतं आपण आठ तास झोपलो. प्रत्यक्षात तो रात्रभर दचकत असतो. सीपॅपचं यंत्र नाकावरच्या मास्कमधून सतत थोड्या दाबानं हवा सोडतं. चिकटलेल्या फुग्यात फुंकर मारावी तसा तो दाब घसा उघडा ठेवतो. एवढंच.

पहिले पंधरा दिवस घरात सण असल्यासारखं वाटत होतं. जयसिंग सकाळी उठून बायकोला म्हणाले होते, "शैला, मी विसरलोच होतो की गं, झोप कशी असते ती." निद्रांक चाळिसावरून साठीत गेला. मग तिथंच थांबला.

त्यांनी काय नाही केलं? घसा कोरडा पडायचा म्हणून हवा ओलसर करणारी नळी जोडली. तोंड उघडं राहायचं म्हणून हनुवटीला पट्टा बांधला. कुशीवर झोपायची सवय लावली. मास्क तीन प्रकारचे झाले. सकाळी गालांवर इतके खोल वळ असायचे की डेपोत मुलं विचारायची, "मामा, काल कुस्ती होती काय?" आकडा साठीतच राहिला. कंपनीनं कळवलं होतं की महिनाअखेर नव्या मार्गांचं वाटप आहे. तोवर निद्रांक हिरवा झाला नाही तर घाटाचा परवाना जाईल आणि जयसिंगांना यार्डात घेतलं जाईल. यार्डात म्हणजे धुतलेल्या गाड्या रांगेत लावायच्या.

यंत्र बनवणाऱ्या कंपनीचं नाव होतं प्राणवेध. तिचा माणूस परिवहनाच्या चालक आरोग्य कक्षात बसायचा. सागर पाटोळे. तरुण, नम्र, इस्त्रीचा शर्ट. जयसिंग ईश्वरीला घेऊन गेले, तेव्हा त्यानं पडदा त्यांच्याकडे वळवला.

"हे बघा काका. मास्कमधून हवा गळतेय. सिस्टिमनं फोटोवरून कारणही काढलंय. ओठावरचे केस."

"ओठावरचे केस म्हणजे?"

"मिशी, काका."

जयसिंगांची मिशी भरघोस होती. टोकं वर वळवलेली नव्हती, पण दाट होती, आणि विसाव्या वर्षापासून तिला कैची लागली होती ती फक्त कडेला.

"ती काढता येणार नाही," जयसिंग म्हणाले.

"का?"

"वडील हायत माझे."

सागरला कळलं नाही. तो पुण्यात वाढला होता. ईश्वरीनं ओशाळून सांगितलं, "आमच्याकडे वडील गेल्यावरच मिशी काढतात. ते असताना काढली तर... अशुभ."

"ओके," सागर म्हणाला. त्यानं अगदी आदरानं मान हलवली. "पण सिस्टिममध्ये आकडा अडकण्याची दोनच कारणं आहेत. मास्क-गळती किंवा रुग्णाचं असहकार्य. गळतीचा उपाय सांगूनही केला नाही, तर ते आपोआप दुसऱ्यात जातं."

जयसिंगांचे वडील आनंदराव, घरातले आबा, ऐंशीच्या पुढचे. त्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि सुपारी कातरत म्हणाले, "मशीन बदला. मिशी कशाला बदलताय?"

ईश्वरी त्यांच्याशी भांडली. "आबा, केसांचा आणि तुमच्या आयुष्याचा काय संबंध? विज्ञानानं सिद्ध झालंय का?"

"न्हाई झालं."

"मग? तुम्ही जिवंत आहात हे सगळ्यांना माहीत आहे. आधारकार्डावर आहे."

"मला कार्डावर नको गं बाळ," आबा म्हणाले. "मला ह्याच्या तोंडावर पाहिजे."

दोन दिवस जयसिंग घाटाची गाडी दुसऱ्यानं नेलेली बघत डेपोच्या बाकावर बसून राहिले. तिसऱ्या सकाळी न्हाणीघरात गेले आणि दार लावून घेतलं. बाहेर आले तेव्हा शैलजा चहा ओतत होती. तिनं पातेलं खाली ठेवलं. आबा दारात पेपर वाचत होते. त्यांनी मुलाकडे वर बघितलं, बराच वेळ बघितलं.

"मी कधी गेलो रं?" त्यांनी विचारलं.

जयसिंग तसेच दुधाची पिशवी आणायला बाहेर पडले, आणि चूक तिथं झाली. दुधाच्या दुकानात त्यांना चौघांनी बघितलं. कुणी काही विचारलं नाही, कारण अशा वेळी विचारत नाहीत. एकानं नुसता खांद्यावर हात ठेवला. जयसिंगांना वाटलं, गाडी बंद झाल्याचं याला कळलं असावं. ते म्हणाले, "काय करणार, आपल्या हातात थोडंच हाय?" तो माणूस डोळे पुसत निघून गेला.

तासाभरात तालमीतले बबन पोवार दोघातिघांना घेऊन दारात उभे. डोक्यावर पांढरी टोपी, चेहरा पडलेला. दार आबांनी उघडलं.

"काय रं बबन? एवढ्या सकाळी? कोण गेलं?"

बबन पोवारांचं तोंड उघडं राहिलं. मागच्या एकानं चप्पल पायात सरकवायला सुरुवात केली.

"बोल की लेका. कोण गेलं?"

"तुम्ही, आबा," बबन म्हणाले.

चौकातल्या मोठ्या पडद्यावर तोवर आबांचा फेट्यातला फोटो झळकला होता. भावपूर्ण श्रद्धांजली, शोकाकुल तालीम मंडळ. आबा काठी टेकत तिथपर्यंत गेले आणि पूर्ण वाचून आले. गल्ली हसली. आबाही हसले. "फोटो बरा निवडलाय," असंही म्हणाले. पण त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि नंतर जयसिंगांच्या समोर बसून जेवायचं त्यांनी सोडूनच दिलं. जयसिंग आले की ते ताट घेऊन आतल्या खोलीत जायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, "मेलेल्या माणसाचं पान वेगळं मांडत्यात."

आणि निद्रांक? गळती थोडी कमी झाली. आकडा जिथल्या तिथं. आठवडाभरानं पडद्यावरचं कारण बदललं. आता तिथं लिहून आलं : रुग्णाचं असहकार्य.

ईश्वरीनं ते वाचलं आणि तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. ज्या माणसानं बाप जिवंत असताना मिशी उतरवली, त्याला असहकारी म्हणायचं? सहकार्य म्हणजे आणखी काय उतरवायचं? आईजवळ ती तणतणली. शैलजा भाजी निवडत म्हणाली, "मला तर कळतच नाही बघ. झोपतात तर किती शांत आता. पूर्वी नुसती धडपड, तोंडानं ओढणं, पाय झाडणं. आता आवाज म्हणून नाही. मध्येमध्ये तर इतके शांत पडतात की वाटतं..." ती थांबली.

"काय वाटतं, मम्मी?"

"काही नाही. चांगलंच आहे की."

ईश्वरीला ते चांगलं वाटलं नाही. त्या दुपारी जयसिंग यंत्र लावून आडवे झाले, तेव्हा ती खुर्ची घेऊन शेजारी बसली. पंधरावीस मिनिटं सगळं ठीक चाललं. मग श्वास थांबला. ती छातीकडे बघत राहिली. घसा बंद असता तर छाती हवा ओढायला धडपडली असती. पोट वर, छाती आत, असं काहीतरी दिसलं असतं. इथं काहीच नव्हतं. छाती हलतच नव्हती. श्वास अडला नव्हता, तो घ्यायचाच राहिला होता. तेवढ्यात यंत्राचा सूर बदलला. त्यानं दाब वाढवला. मास्कची कड फुरफुरली, जयसिंग दचकले, तीनचार खोल श्वास घेतले, आणि छाती पुन्हा थांबली. पुन्हा सूर चढला.

ईश्वरी उठली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. हे तिनं प्रयोगशाळेत शंभरदा पाहिलं होतं. घरच्या न्हाणीघरात तर रोज. गीझरचं पाणी नळापर्यंत यायला वेळ लागतो. गार लागलं म्हणून माणूस गरम नळ फिरवतो, अजून गारच म्हणून आणखी फिरवतो, आणि मग एकदम अंग भाजतं. चूक पाण्याची नसते. उशिरा मिळणाऱ्या खबरीवर घाईनं नळ फिरवणाऱ्या हाताची असते.

डॉ. मृदुला किणीकर श्वसनविकारांच्या डॉक्टर होत्या. ईश्वरीनं त्या दुपारी मोबाइलवर घेतलेलं चित्रीकरण त्यांनी दोनदा पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला.

"श्वास घ्यायचा हुकूम कोण देतं, सांग बरं?"

"मेंदू."

"आणि मेंदूला कोण सांगतं? सगळ्यांना वाटतं प्राणवायू. मुख्यतः सांगतो तो कार्बन डायऑक्साइड. तो रक्तात साठला की मेंदू म्हणतो, घे श्वास. यंत्रानं जास्त दाबानं हवा भरली, वर दचकून मोठे श्वास झाले, की तो वायू धुऊन निघतो. मेंदूला वाटतं, घाई काय आहे? तो गप्प बसतो. घसा सताड उघडा आणि श्वास नाही. यंत्रामुळे उद्भवणारा श्वासरोध आहे हा. नवा शोध नाही. काही रुग्णांत होतो, दाब बेताचा आणि स्थिर ठेवला तर बहुतेकांत शमतो."

"मग यंत्राला हे ओळखता येत नाही?"

"जुन्या यंत्रांना येतं की. हवेचे बारीक ठोके देऊन बघतात, वाट उघडी आहे की बंद. पण मास्क गळत असला की त्या ठोक्यांचा भरवसा नाही. तुमच्या मॉडेलनं सोपं केलंय. गळती दिसली की चाचणीच करायची नाही, घसा बंद आहे असं धरून चालायचं."

ईश्वरीनं हाताच्या बोटांवर ते मांडून पाहिलं. दाब वाढला की मास्क उचलला जाऊन गळती. गळती असली की चाचणी नाही. चाचणी नाही की आणखी दाब. गळतीमुळे श्वास थांबत नव्हता. दाबामुळे दोन्ही होत होतं.

"म्हणजे मिशीचा काही संबंधच नव्हता," ती म्हणाली.

"सुतभर गळली असेल हवा. एवढीतेवढी यंत्र भरून काढतं."

घरी येताना रिक्षात ईश्वरीला आठवलं, आबांना तिनं विचारलं होतं, विज्ञानानं सिद्ध झालंय का? पाटोळेला विचारायचं तिला सुचलंच नव्हतं. मिशी गेली की बाप जातो आणि मिशी गेली की श्वास येतो, या दोन समजुती एकाच वळणाच्या होत्या. फरक इतकाच की आबांनी आपल्या समजुतीचं सॉफ्टवेअर करून परिवहनाला विकलं नव्हतं.

डॉ. किणीकरांनी यंत्र तज्ज्ञांच्या मोडमध्ये टाकून दाब कमी केला आणि तिथं पक्का बांधून टाकला. पहिले काही दिवस जयसिंग पुन्हा थोडे घोरले. मग आकडा हलला. सत्तर, पंचाहत्तर, आणि महिना संपायला थोडे दिवस उरले असताना काच हिरवी झाली. शैलजानं शिरा केला. आबांनी तो आतल्या खोलीत बसून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी आरोग्य कक्षात सागर पाटोळे उठून उभा राहिला. "अभिनंदन काका! फक्त इथं अंगठा द्या, की उद्यापासून घाट तुमचा."

जयसिंगांनी अंगठा पुढे केला. ईश्वरीनं त्यांचं मनगट धरलं. "थांबा पप्पा. वाचा आधी."

पडद्यावर होतं : कारण, ओठावरील केसांमुळे मास्क-गळती. उपाय, रुग्णानं केस काढले. परिणाम, यशस्वी.

"हे खोटं आहे," ईश्वरी म्हणाली. "मिशी काढल्यावर आकडा जागचा हलला नव्हता. दाब उतरवल्यावर हलला. तारखा बघा ना तुमच्याच."

"मॅडम, डॉक्टरांनी मोडमध्ये केलेला बदल आमच्या रेकॉर्डला येत नाही. सिस्टिमला दिसतं ते रुग्णानं केलेलं. शेवटचा उपाय मिशी आहे, तोच पकडला."

"मग तिसरं कारण घाला. यंत्र."

सागर खरोखरच गोंधळला. "यंत्र कारण कसं असेल? यंत्रच तर कारण शोधतं."

जयसिंगांनी विचारलं, "मी अंगठा दिला तर ह्याचं पुढं काय होतं?"

"काही नाही काका, चांगलंच आहे. तुमची केस आदर्श म्हणून घेतलीय. सगळ्या चालकांना सूचना जाईल की चेहऱ्यावरचे केस काढल्यानं सुधारणा होते. आजच एकाला बोलावलंय. बाहेर बसलेत बघा."

बाहेर बाकावर इनुस बसला होता. गेल्या महिन्यातल्या तपासणीत त्यालाही यंत्र लागलं होतं, आणि त्याचाही आकडा वर जाऊन अडकला होता. इनुसची दाढी हज करून आल्यापासूनची होती. छातीपर्यंत पांढरी. तो एका हातानं ती सारखी करत होता आणि दुसऱ्या हातात बोलावणं आलेला मोबाइल धरून होता.

जयसिंगांनी काचेतून त्याच्याकडे बघितलं. मग अंगठा मुठीत घेतला.

"मी हे देणार न्हाई," ते म्हणाले.

"काका, मग परवाना—"

"ऐका. मी मिशी परत वाढवतो. दाब डॉक्टरबाईंनी बांधलाय तोच ठेवतो. एवढी एकच गोष्ट बदलतो, दुसरं काही न्हाई. मिशी आली आणि आकडा हिरवाच राहिला, तर कारण काय ते तुम्हीच मला सांगा."

ईश्वरीनं वडिलांकडे बघितलं. प्रयोगाची मांडणी तिनं करायला हवी होती. ती त्यांनी केली होती.

"त्याला महिने लागतील," सागर म्हणाला. त्याचा आवाज खरंच कळवळला होता. "परवा मार्गांचं वाटप आहे. अंगठा नसला तर केस उघडी राहते, आणि घाट दुसऱ्याला जातो. नंतर नव्यानं अर्ज करावा लागेल, जागा असेलच असं नाही. एवढ्या छोट्या गोष्टीसाठी? काका, आकडा तर हिरवाच आहे ना?"

"आकडा हिरवा हाय. कारण खोटं हाय." जयसिंगांचा आवाज चढला. बाहेरच्या बाकावर इनुसनं मान वळवली. "माझ्या घरात माझा बाप जिवंतपणी वेगळा जेवतोय. बाप जित्ता असताना गल्लीनं त्याला श्रद्धांजली वाहिली. ते मी गिळलं, कारण तुम्ही म्हणालात विज्ञान हाय. आता माझ्याच अंगठ्यानं दुसऱ्याच्या तोंडाला कात्री लावताय? आणि तुमचं यंत्र कुठल्याच कागदावर न्हाई. ते कधी चुकतच न्हाई. चुकतो तो फक्त आम्ही. कधी मिशीनं, कधी दाढीनं, कधी स्वभावानं."

सागरनं पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. जयसिंगांनी तो घेतला नाही.

"यार्डात टाका मला," ते म्हणाले. "गाड्या लावीन."

ईश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पर्स उगीचच उघडली आणि मिटली. सागरनं पडद्यावर काहीतरी दाबलं. हिरवा चौकोन करडा झाला. तो हळू आवाजात म्हणाला, "ठीक आहे. केस उघडी ठेवतो. पुढचे, मुल्ला."

इनुस आत आला. त्यानं आधी जयसिंगांच्या उघड्या ओठाकडे आणि मग करड्या पडद्याकडे बघितलं, आणि विनोद करायला उघडलेलं तोंड मिटलं. खुर्चीवर बसला. सागरनं त्याची माहिती उघडली. फोटोतल्या दाढीभोवती एक लाल रेघ काढलेली होती.

"तर मुल्लाचाचा," सागरनं सुरुवात केली, "तुमच्या मास्कमध्ये—"

जयसिंगांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि इनुसच्या खुर्चीला लावून तिच्यावर बसले.

"आधी दाब सांगा," ते म्हणाले. "ह्याला किती लावलाय, तो आकडा दाखवा. दाढीचं मग बोलू."